दुसरी सही

सेहेचाळिसाव्या वर्षी परीक्षेस बसणाऱ्या बाईविषयी लोकांना आदर वाटतो की तिची कीव येते, हे मला अद्यापि निश्चित सांगता येत नाही. दोन्हींचे शब्द सारखेच असतात. "या वयात! कमाल आहे हो तुमची!" असे म्हणणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहावे, तर तेथे कौतुक तर दिसतेच, पण त्या कौतुकाच्या आडून, अशी पाळी आपल्यावर आली नाही याचे समाधानही हळूच डोकावत असते. २०१३ सालच्या हिवाळ्यापासून वसंतापर्यंत मी हे उद्गार इतक्यांदा ऐकले, की पुढे पुढे त्यांना काय उत्तर द्यावे याचा मी विचारच सोडून दिला. पुण्याहून फोन आला म्हणजे माझ्या आईचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "अगं, तू मागच्या वर्षी डॉक्टर झालीस ना? मग आता पुन्हा कसली परीक्षा?"

प्रश्न रास्त होता. पुण्यास मानसशास्त्र घेऊन मी एम्. ए. झाले, काही वर्षे महाविद्यालयात तोच विषय शिकविला, ह्यांच्या नोकरीमुळे अमेरिकेत गेल्यावर, मुलगी शाळेत रुळली तेव्हा पुन्हा विद्यार्थिनी झाले आणि यथावकाश तेथील विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. एवढे झाले म्हणजे माणसाचे शिक्षण संपले, असे मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. पण अमेरिकेत पदवी देणारे निराळे आणि परवाना देणारे निराळे. विद्यापीठ म्हणते, 'हिला विषय येतो'. राज्याचे मंडळ म्हणते, 'ते आम्ही पाहून घेऊ'.

या संशयाला इतिहास आहे. एके काळी तेथेही वाटेल त्याने उठावे आणि दारावर 'मानसतज्ज्ञ' अशी पाटी लावावी, असा प्रकार होता. १९४५ साली कनेक्टिकट राज्याने याविषयी पहिला कायदा केला. मग एकेक राज्य त्या वाटेने गेले, आणि १९७७ साली मिसूरी राज्याने कायदा केला तेव्हा पन्नासही राज्यांची यादी पुरी झाली. प्रत्येक राज्याचे मंडळ निराळे, नियम निराळे; परंतु लेखी परीक्षा मात्र एकच. अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांतील मंडळांचा जो संघ आहे, तो ती तयार करतो. आपल्याकडे १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या कायद्याने चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी आवश्यक केली. पण तिचा पाया परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम हा होता, अशी सरसकट वेगळी परीक्षा नव्हे. त्यामुळे माझी अडचण आईला समजावून सांगताना मला वकिलाचे उदाहरण द्यावे लागले. कायद्याची पदवी आणि वकिलीची सनद या दोन वस्तू आहेत, हे तिला ठाऊक होते. "म्हणजे सनद काढायची आहे तुला," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून नात्यागोत्यात माझ्या परीक्षेला 'सनद' हेच नाव पडले.

या सनदेचे स्वरूप असे होते: प्रश्न २२५, वेळ सव्वाचार तास, आणि प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरे, त्यांतील एक निवडायचे. एका प्रश्नाला जेमतेम अडुसष्ट सेकंद मिळत. विषयाचे आठ विभाग. मेंदूतील पेशींपासून व्यवसायाच्या नीतिनियमांपर्यंत, आणि गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंत माणसाविषयी जे जे म्हणून शास्त्राने लिहून ठेवले आहे, ते ते त्यांत आलेले. गुण २०० पासून ८०० पर्यंतच्या एका मापावर बसविलेले. स्वतंत्रपणे व्यवसाय करावयाचा तर ५०० हवेत. त्या हिवाळ्यात सासूबाई आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. त्यांना मी हा सारा तपशील सांगितला, तेव्हा त्या क्षणभर विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "समर्थांनी मनाला दोनशे पाच श्लोक सांगितले. तुमच्या लोकांना वीस जास्त लागले म्हणायचे!"

मी हसले; पण त्यांचा हिशेब पुरता बरोबर नव्हता. त्या २२५ प्रश्नांपैकी ५० प्रश्न मुळी गुणांत धरलेच जात नसत. पुढील परीक्षांसाठी ते पारखून पाहावयाचे असत, म्हणून ते इतरांत मिसळून दिलेले. मौज अशी, की ते कोणते हे परीक्षार्थीला कळण्याची सोय नाही. म्हणजे ज्या प्रश्नाने आपला घाम काढला, ज्याच्यापायी मागचे दोन सोपे प्रश्न पुन्हा तपासावयाचे राहून गेले, तो कदाचित कोणाच्याच खिजगणतीत नसेल! अभ्यासाच्या दिवसांत मला या व्यवस्थेचा राग येई. पुढे तिच्याकडे पाहण्याची माझी दृष्टी पालटली. घर चालविणाऱ्या कोणत्याही बाईला ही व्यवस्था अपरिचित नाही. दिवसभरात ती जी सव्वादोनशे कामे उरकते, त्यांतील कोणती पुढे कोणाच्या आठवणीत राहावयाची आणि कोणती पाण्यावरच्या रेघेसारखी विरून जावयाची, हे तिला तरी कोठे कळते? आणि न कळते तेच बरे. कळले असते तर पन्नास कामांत तिने खचित अंग राखले असते.

अभ्यासाची माझी जागा म्हणजे स्वयंपाकघरातील टेबल. एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याच्या लहान लहान कार्डांचा ढीग. कार्डाच्या एका अंगास प्रश्न, दुसऱ्या अंगास उत्तर. माझी पंधरा वर्षांची मुलगी रात्री जेवणानंतर ती कार्डे हातात घेऊन मास्तरीण होई. लहानपणी पाढे चुकल्याबद्दल मी तिला जे जे बोलले होते, त्याची तिने त्या काळात व्याजासह परतफेड केली.

इतर विषयांच्या विद्यार्थ्याला नसते अशी एक पंचाईत मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे असते. भूगोलाचा अभ्यास करणाऱ्याला आपण स्वतः भूगोल नाही एवढा तरी दिलासा असतो. येथे जे पाठ करावयाचे ते पाठांतराविषयीच, आणि जिची भीती वाटते ती भीतीच एका प्रकरणाचा विषय! एबिंगहाउस या जर्मन पंडिताने १८८५ साली आपले विस्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार करून तो ते स्वतःच पाठ करी आणि ते किती वेगाने विसरतात हे स्वतःवरच मोजी. दिवसभरातच बहुतांश गळून जाते, असे त्याच्या आकड्यांवरून दिसते. हे मी रात्री अकरा वाजता वाचले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने विचारले तेव्हा त्या पंडिताचे नाव मला आठवेना. त्याच्या सिद्धान्ताला याहून चांगला पुरावा कोण देणार?

१९०८ साली यर्कीज आणि डॉडसन या दोघांनी उंदरांवर प्रयोग करून असे दाखविले, की काम अवघड असेल तर विजेचा अगदी सौम्य धक्का उपयोगी नाही आणि फार तीव्रही नाही. मधल्या धक्क्यानेच उंदीर लवकर शिकतो. त्यावरून पुढील अभ्यासकांनी असा बोध घेतला, की मनाला थोडी टोचणी हवी, पण तिचा अतिरेक झाला की बुद्धी बधिर होते. हे वाचून मी माझी टोचणी मध्यम प्रमाणात ठेवण्याचा कसून प्रयत्न केला. पण भीतीला 'जरा बेताने' असे सांगून ती ऐकत नाही. एक गोष्ट मात्र खरोखर उपयोगी पडली. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके यांनी असे सिद्ध केले, की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्याला पाच मिनिटांनी अधिक आठवते. पण पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेणाऱ्याला आठवड्यानंतर अधिक आठवते. आपल्या पाठशाळांतून गुरुजी विद्यार्थ्याला समोर बसवून म्हणावयास लावीत, त्यातले मर्म हेच असावे. त्यानंतर मी वाचणे कमी केले आणि मुलीपुढे बसणे वाढविले.

आता वाचक विचारतील, एवढा खटाटोप कशासाठी? संसार चालला होता, पोटाची भ्रांत नव्हती. नापास झाले असते तर काय बिघडत होते?

त्याचे उत्तर देण्यासाठी मला माझ्या कामाविषयी थोडे सांगितले पाहिजे. डॉक्टरेट झाल्यानंतर परवाना मिळेपर्यंत मनुष्याने कोणाच्या तरी देखरेखीखाली काम करावयाचे असते. मी एका मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तसे काम करीत होते. मी रुग्णाशी बोलावे, टिपण लिहावे, खाली सही करावी. आणि माझ्या सहीखाली एक रेघ मोकळी असे, तीवर माझ्यावर देखरेख करणाऱ्या वृद्ध बाईंनी सही करावी. त्यांच्या सहीवाचून माझ्या टिपणाला किंमत नव्हती. माझी जागा एका मुदतीपुरती होती. त्या मुदतीत परवाना मिळाला तर कायम होणार, न मिळाला तर जूनअखेर संपणार.

त्या शहरात आपली माणसे बरीच. मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेली, आणि नातवंडांसाठी म्हणून वा एकटे राहवत नाही म्हणून आलेली आईवडील मंडळी. सकाळी घर रिकामे होते ते संध्याकाळी भरते. मधल्या नऊ तासांत खिडकीबाहेर बर्फ आणि घरात उष्ण हवेच्या यंत्राची घरघर. यांतील काही आजीबाई आमच्या विभागात पाठविल्या जात. बहुधा प्रथम छातीत धडधड होते म्हणून हृदयाच्या डॉक्टरांकडे, तेथे काही निघत नाही म्हणून मग आमच्याकडे. रुग्णालयात दुभाषे असत. हिंदीचे पुष्कळ, मराठीचे क्वचित. आणि पुष्कळदा फोनवरून बोलणारे, ज्यांना समोरचा चेहरा दिसत नसे.

त्या आजीबाई जे बोलत ते पुस्तकात नव्हते. "जीव रमत नाही", "मन लागत नाही", "पोटात खड्डा पडतो", "आतून कालवाकालव होते" ही वाक्ये आपण जन्मभर ऐकतो; त्यांचा अर्थ विचारण्याची वेळ आपल्यावर येत नाही. पण ती इंग्रजीत नेऊन ठेवा, म्हणजे त्यांचे काय होते ते दिसते. 'जीव रमत नाही' याचे एका दुभाष्याने 'कंटाळा आला आहे' असे भाषांतर केले, आणि तेवढ्यावरून त्या बाईंना वृद्धांच्या करमणूक मंडळात नाव घालण्याचा सल्ला मिळाला. कंटाळा पत्ते खेळून जातो. जीव रमत नाही तो पत्ते खेळताना अधिकच रमेनासा होतो.

एक प्रसंग मात्र मला नीट सांगितला पाहिजे. व्यवसायाच्या धर्मास अनुसरून व्यक्तीच्या खुणा मी सर्व बदलल्या आहेत. शब्द तेवढे खरे आहेत. मी तेव्हा नवीन होते, कोपऱ्यात बसून पाहत होते. तपासणाऱ्या गृहस्थांनी त्या बाईंना दुभाष्यामार्फत विचारले, पुढील दिवसांविषयी तुम्हांला काय वाटते? बाई शांतपणे म्हणाल्या, "आता पुरे झालं सगळं." दुभाष्याने इंग्रजीत सांगितले, की सर्व काही यथास्थित पार पडले असे त्या म्हणतात. तपासणाऱ्यांनी मान हलविली आणि ते पुढील प्रश्नाकडे वळले.

मराठी माणसाला तो स्वर ऐकल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. परवानगी घेऊन मी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना विचारले, "पुरे झालं म्हणजे काय, मावशी? मरण यावं असं वाटतं का? स्वतःचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?" त्या माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मला आजवर कोणी विचारलंच नाही." आणि पुढे त्यांनी जे सांगितले, त्यामुळे त्यांना त्या दिवशी घरी एकटे जाऊ दिले नाही. त्या वाचल्या. अद्यापि आहेत.

ही गोष्ट मी माझी चतुराई सांगावी म्हणून लिहीत नाही. तिच्यात मला सोडवावयाचे एक कोडे आहे. परीक्षेचा अभ्यास करताना मी कितीदा तरी मनाशी म्हटले होते, की या कार्डांवर 'जीव' हा शब्द कोठे आहे? जे येथे खरे उपयोगी पडते ते हे कधी विचारीत नाहीत, आणि जे विचारतात ते येथे उपयोगी पडत नाही. ही तक्रार मोठी समाधान देणारी असते. आळसाला ती तत्त्वज्ञानाचा अंगरखा चढविते. पण तो प्रसंग जितका अधिक आठवावा, तितकी ती तक्रार अर्धीच खरी वाटू लागे. 'पुरे झालं' हे मला ऐकू आले ते मराठीमुळे, हे खरे. परंतु त्यानंतर जे मी विचारले, ते मला कोणी शिकविले? आमच्या घरात दिवेलागणीला मरणाचा शब्द काढला तर आजी "अभद्र बोलू नये" म्हणून तोंडावर हात ठेवीत असे. असा प्रश्न विचारल्याने ती कल्पना मनात भरेल, अशी भीती केवळ आपल्याकडेच आहे असे नव्हे, सगळीकडे आहे. ती भीती निराधार आहे, उलट सरळ विचारल्याने मनुष्याचा भार हलका होतो, आणि म्हणून आडपडदा न ठेवता विचारलेच पाहिजे, हे मला पुस्तकाने शिकविले. आणि कार्डावर ते होते. शब्द आईकडून मिळाला, प्रश्न अभ्यासातून आला. एकट्या शब्दाने मी केवळ हळहळले असते. एकट्या प्रश्नाने मी तो विचारण्याची वेळच ओळखली नसती.

तेव्हापासून त्या परीक्षेवरचा माझा राग निवळला. दुःखात असलेला मनुष्य आपल्या दारात येतो तेव्हा तो आपली पारख करण्याच्या स्थितीत नसतो. भाजी घेताना आपण चार गाड्या हिंडतो. पण जीव घाबरा झाला असता जे दार प्रथम उघडे दिसेल त्यात मनुष्य शिरतो. म्हणून त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी आधी पारख करून ठेवावी लागते. ती पारख ओबडधोबड असेल, चार उत्तरांतून एक निवडण्याची असेल. पण तिच्या जागी काही नसण्यापेक्षा ती बरी. मात्र माझी भीती यामुळे वाढली. मी नापास झाले तर माझे काय होईल, हा प्रश्न मागे पडला. जुलै महिन्यात त्या खोलीत 'पुरे झालं' याचा अर्थ कोण सांगेल, हा पुढे आला.

परीक्षेच्या दिवशी ह्यांनी मला केंद्रावर सोडले. सासूबाईंनी हातावर दही दिले. "सातासमुद्रापलीकडं दह्याचा गुण जात नाही," असे त्यांचे मत. केंद्रात खिसे उलटे करून दाखवावे लागले, घड्याळ आणि बांगड्या कुलुपाच्या कपाटात ठेवाव्या लागल्या, चष्मासुद्धा त्यांनी उलटसुलट करून पाहिला. शेजारच्या बाकांवर निरनिराळ्या परीक्षांचे उमेदवार. कोणी हिशेबनीस होणार, कोणी परिचारिका. सव्वाचार तास कोणीच कोणाकडे पाहिले नाही. मी एकेक प्रश्न सोडवीत गेले, आणि दर चार-पाच प्रश्नांनी मनात येई, 'हा त्या पन्नासांतला असेल काय?' शेवटचे बटण दाबले तेव्हा पडद्यावर एवढेच आले, की आपली परीक्षा पूर्ण झाली. गुण मंडळाकडे जाणार आणि मंडळ टपालाने कळविणार.

मग वाट पाहणे सुरू झाले. अभ्यासात निदान हातांना काम असते. वाट पाहण्यात मनुष्याला काहीच करावयाचे नसते आणि ते काहीच-न-करणे दिवसभर करावे लागते. १९२७ साली ब्लूमा झायगार्निक हिने असा निष्कर्ष काढला होता, की अर्धवट राहिलेली कामे पुरी झालेल्यांपेक्षा अधिक लक्षात राहतात. तो पुढे सर्वांनाच पडताळून आला असे नाही. पण माझ्या बाबतीत मात्र चुकलेला एकही प्रश्न त्या दिवसांत मला सोडून गेला नाही. भांडी घासताना एक उत्तर बदलावेसे वाटे, रात्री उशीवर दुसरे. टपालपेटीकडे माझ्या फेऱ्या वाढल्या. स्किनरच्या कबुतरांना दाणा कधी मिळेल याचा नेम नसला म्हणजे ती अधिकच चिकाटीने चोच मारीत. ते चित्र मी कितीदा तरी पुस्तकात पाहिले होते. आता अंगावर शाल घेऊन बर्फातून पेटीकडे जाताना ते मला आतून कळले.

माझे वडील त्यांच्या मॅट्रिकच्या निकालाची गोष्ट सांगत. तालुक्याच्या गावी पुण्याचे वर्तमानपत्र दुपारच्या मोटारीने येई. निकालाच्या दिवशी सारा गाव अड्ड्यावर जमे. गठ्ठा सोडला की एक जण उंच जागी उभा राहून क्रमांक वाची. ज्याचा क्रमांक येई त्याच्या पाठीवर थाप पडे. ज्याचा येत नसे त्याला कोणीतरी मित्र निमूटपणे नदीकडे घेऊन जाई. त्या पद्धतीत माणसाची अब्रू चव्हाट्यावर येत असे, हे खरे. परंतु वाट पाहण्याचे ओझे एकट्याच्या डोक्यावर नसे. ते सगळ्या अड्ड्याने वाटून घेतलेले असे. आमच्या त्या उपनगरात निकालाची वाट पाहणारी मी एकटी. शेजाऱ्यांना माझ्या परीक्षेची गंधवार्ता नव्हती. आणि ज्यांना होती ते सौजन्याने विषय काढीत नसत. एकट्या सासूबाई दररोज सकाळी सरळ विचारीत, "आलं का गं पत्र?" प्रथम मला तो प्रश्न बोचे. नंतर माझ्या ध्यानात आले, की त्या अड्ड्यावरच्या गर्दीचे काम एकट्या करीत आहेत.

पुढे २०१६ साली कॅलिफोर्नियातील काही संशोधकांनी हाच विषय अभ्यासासाठी घेतलेला मी वाचला. तेथे वकिलीच्या परीक्षेचा निकाल चार महिन्यांनी लागे. त्या काळात उमेदवारांनी मन रमविण्याचे, आशा धरण्याचे, काळजी दाबण्याचे नाना उपाय केले. पण त्यांनी वाट पाहणे विशेष सुसह्य झाले नाही. मात्र ज्यांनी तो काळ काळजीत आणि निराशेत काढला, त्यांना निकाल वाईट लागला तर तो अधिक चांगल्या रीतीने पेलला, आणि चांगला लागला तर आनंदही अधिक झाला. हे वाचून मला पूर्वलक्षी समाधान झाले. माझ्या त्या दिवसांतील तळमळीचे काहीच चीज झाले नाही, असे म्हणण्याचे कारण उरले नाही.

पत्र एका मंगळवारी आले. मी कामावर होते. सासूबाईंनी ते फोडले नाही, देवापुढेही ठेवले नाही, टेबलावर कार्डांच्या ढिगाशेजारी ठेवले होते. आत एकच कागद. गुण पाचशेच्या पुष्कळ वर होते. मुलीने आरडाओरडा केला, ह्यांनी पुण्यास फोन लावला, आणि तिकडून आईने विचारले, "आता तरी संपलं ना शिकणं?" त्या कागदावर एक गोष्ट मात्र नव्हती, कधीच असत नाही. कोणते पन्नास प्रश्न मोजले नाहीत, ते मला आजतागायत कळलेले नाही.

बाकीची कागदपत्रे होऊन परवाना हाती पडला तो मे महिन्यात. त्या आठवड्यात पहिल्याच सकाळी एक आजीबाई आल्या. माझ्या नावापुढे आता काय अधिक झाले आहे, याची त्यांना कल्पना नव्हती आणि जरूरही नव्हती. येताना त्यांनी रुमालात गुंडाळून दोन शंकरपाळे आणले होते. आम्ही पाऊण तास बोललो. त्या गेल्यावर मी नेहमीप्रमाणे टिपण लिहिले, खाली सही केली आणि सवयीने कागद बाजूच्या पेटीत टाकू लागले. त्या पेटीतून तो वृद्ध बाईंकडे जात असे.

तेव्हा ध्यानात आले, की हा कागद आता कोठेच जावयाचा नाही. माझ्या सहीखालची रेघ नव्या नमुन्यात छापलेलीच नव्हती. दोन वर्षे ती रेघ मला खुपत आली होती. या वयात आपल्या अक्षराला दुसऱ्याच्या अक्षराचा आधार लागावा, याची लाज वाटत आली होती. आता ती नव्हती, आणि मी ते टिपण पुन्हा पहिल्यापासून वाचावयास घेतले. एका वाक्यावर थांबले. आजीबाई म्हणाल्या होत्या, "आताशा बरं वाटतं." ते मी जसेच्या तसे मराठीत लिहिले होते. पुढे इंग्रजीत त्याचा अर्थ लिहावयाचा, तर तो 'बरं' कसला, सुटल्याचा की रुळल्याचा, हे मी त्यांना विचारले होते काय? विचारले होते, तेही खाली लिहिलेले होते. मग मी कागद फाइलीत लावला आणि बाहेर बसलेल्या दुसऱ्या बाईंना आत बोलाविले.